कोट कुणाचा, खिसा कुणाचा

रक्ताला गरम पाणी दाखवू नये. दाखवलं की ते घरजावयासारखं ठाण मांडून बसतं, मग त्याला उठवायची कुणाच्या बापाची छाती नाही. रक्ताला थंड पाणी द्यावं, मूठभर मीठ द्यावं आणि दम धरावा. मीठवालीला एवढंच शास्त्र येत होतं, आणि एवढ्या शास्त्रावर तिनं लढाईची तीन वर्षं काढली.

तिला मीठवाली म्हणायचे ते मीठ विकायची म्हणून नव्हे, चोरायची म्हणून. लष्करी इस्पितळाच्या मागं पत्र्याची एक लांबच लांब शेड होती. सैनिकांचे कपडे तिथं धुतले जायचे. वरून सोडा यायचा, साबण यायचा, मीठ यायचं नाही. मीठ ही खायची वस्तू, असं साहेब लोकांचं मत. मग ही बाई रोज सकाळी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात "काय शिजतंय गं आज" करत शिरायची आणि एप्रनचे दोन्ही खिसे भरून बाहेर पडायची. स्वयंपाकीण तेवढ्यात पाठ फिरवून पातेलं ढवळायची. तिचाही भाऊ आघाडीवर होता.

कपडे दोन ढिगांनी यायचे. एक शस्त्रक्रियेच्या खोलीतून, एक मुडदेघरातून. ढीग न विचारताही ओळखू यायचा. जिवंताचे कपडे कात्रीनं उभे फाडलेले असायचे, मेलेल्याचे अख्खे. मेलेल्याला कसली घाई! धुऊन, शिवून, नवा नंबर मारून ते कपडे पुन्हा दुसऱ्या पोराच्या अंगावर चढायचे. माणूस गेला तरी कोट नोकरीवरच.

त्या ढिगांत काय काय निघायचं, ते ऐकून जेवण जायचं नाही. बाहीत दात निघायचे. बुटात पाण्यासारखं रक्त भरलेलं असायचं, तिरपं केलं की डुबुक करून बाहेर. एकदा हातमोजा उलटा केला तर आतून बोट पडलं, अंगठीसकट. शेजारची बाई हौदातच ओकली. मीठवालीनं अंगठी काढून कचेरीत जमा केली आणि बोट शेडच्या मागं नेऊन पुरलं. परत येऊन त्या बाईला म्हणाली, "ऊठ. हौद आता तुलाच धुवायचाय."

शेडवर जो हवालदार होता त्याला सगळ्या भट्टीसाहेब म्हणायच्या. त्याचा हुकूम एकच. खिशात धातू निघाला तर कचेरीत, कागद निघाला तर भट्टीत. कागदात उवा असतात, रोग असतो, लष्कराची गुपितं असतात. आता उवांना वाचता येत नाही आणि रोगाला गुपितं कळत नाहीत, पण भट्टीसाहेबाला हे सांगणार कोण? पहिलं वर्षभर मीठवालीनं मुकाट्यानं जाळलं. पत्रं, फोटो, पोराटोरांनी काढलेली चित्रं. भट्टीचं दार उघडायचं, मूठ आत झटकायची, दार लावायचं.

मग एक दिवस एका अख्ख्या कोटाच्या वरच्या खिशातून फोटो निघाला. चारेक वर्षांची मुलगी, केस विंचरून बसवलेली, हसू दाबलेलं. गोळी आधी तिच्या झग्यातून गेली होती आणि मग बापाच्या छातीत. मीठवालीनं भट्टीचं दार उघडलं. आगीचा उजेड मुलीच्या तोंडावर पडला, आणि मुलगी जिवंत दिसायला लागली. हात काही पुढं जाईना.

"काय झालं गं?" पलीकडच्या टेबलावरून इस्त्रीवालीनं विचारलं.

"काही नाही. चटका बसला."

"भट्टीत हात घातल्यावर चटका नाही तर काय ओवाळणी मिळणार?"

ही इस्त्रीवाली म्हणजे जिभेनंही इस्त्री करणारी बाई. पण तिला चार इयत्ता झालेल्या, आणि मीठवालीला जेमतेम आकडे आणि स्वतःचं नाव. म्हणून कागदांची चोरी दोघींत वाटली गेली. मीठवाली कागद काढायची. रक्तानं चिकटलेली पत्रं थंड खाऱ्या पाण्यात सोडायची, तासाभरानं नखानं एकेक पान सुटं करायची. शिसपेन्सिलीनं लिहिलेलं राहायचं, शाईनं लिहिलेलं पळायचं. हुशार पोरं पेन्सिलीनं लिहितात, असं तिचं ठाम मत झालं. इस्त्रीवाली ती पानं जुन्या चादरीच्या घडीत घालून कोमट इस्त्रीनं वाळवायची, आणि वाळवता वाळवता हळू आवाजात वाचायची.

"'ताई, हे आईला वाचून दाखवू नकोस. काल माझ्या ताटात जेवणारा तारेत अडकला. दोन्ही पाय गेले होते. दुपारपर्यंत ओरडत होता, कुणाला जाता येईना. शेवटी आमच्यातल्याच एकानं नेम धरला. नेम चांगला आहे त्याचा. तेव्हापासून तो जेवत नाही.'"

"पुढं?"

"पुढं विचारलंय, मांजरीला पिल्लं झाली का."

"झाली असतील," मीठवाली म्हणाली आणि पुढचा कोट उचलला.

एकेका सैनिकाचे कागद ती बँडेजच्या पट्टीत बांधायची आणि कोटाच्या कॉलरमध्ये जो नंबर असेल तो पट्टीवर चितारायची. लढाई संपली की नंबरावरून घर शोधायचं आणि ज्याचं त्याला नेऊन द्यायचं, असा बेत होता. आयुष्य कपडे धुण्यात गेलेली बाई. तिचा माणसाच्या तोंडावर विश्वास नव्हता, कॉलरवर होता. पुडकी खळीच्या मोठ्या पिंपामागं ठेवलेली असायची. अडतीस झाली.

तिचा स्वतःचा मुलगाही आठ महिन्यांपासून आघाडीवर होता. एकुलता एक. उंच, आळशी, तोंडानं फाटका. नवरा लवकर गेला, तेव्हा लाडही हिनंच केले आणि मारही हिनंच दिला. आघाडीवरून तो चार ओळी लिहायचा. मी बरा आहे, मोजे पाठव. "हा लढायला गेलाय की मोज्यांचं दुकान टाकायला?" ती म्हणायची, आणि रात्रंदिवस विणायची. तो निघाला तेव्हा त्याच्या कोटाच्या कॉलरच्या आत, अस्तराखाली, तिनं निळ्या दोऱ्याचे पाच टाके घातले होते. नंबर सरकारचा, टाके आईचे. हजार कोटांत आपला ओळखता यावा म्हणून.

आणि ओळखता आला.

त्या दिवशी आघाडीवर मोठा हल्ला झाला होता. सकाळपासून गाड्या थांबल्या नव्हत्या. इस्पितळाच्या आवारात माणसं जमिनीवर, पायऱ्यांवर, एकमेकांच्या पायांत पडलेली. कुणी आईला बोलावत होतं, कुणी पाणी मागत होतं, एक जण नुसता मोठ्यानं आकडे म्हणत होता. मुडदेघर भरलं तेव्हा शिपायांनी अंगणात खड्डा घेतला आणि चाळीस जणांना एकावर एक लोटलं. कपड्यांचे ढीग छताला टेकले. मुडदेघराच्या ढिगातून मीठवालीनं एक कोट ओढला. जड होता, ओला. कॉलर उलटी केली आणि तिचं बोट त्या टाक्यांवर पडलं.

ती ओरडली नाही. कोट घेऊन खाली बसली, ती थेट ओल्या फरशीवर. इस्त्रीवाली इस्त्री तशीच टाकून धावली. मागं एक चादर जळत राहिली.

डाव्या खांद्याखाली पुढून बोट जाईल एवढं भोक होतं, मागून मूठ जाईल एवढं. रक्त ताजं, लाल. मीठवालीचे हात आपोआप खिशाकडे गेले. त्यात एक पत्र निघालं आणि एक फोटो. फोटोत एक तरुण बाई बाकावर बसलेली, मांडीवर तान्हं मूल.

"हिला मी ओळखत नाही," मीठवाली म्हणाली.

इस्त्रीवालीनं पत्र उलगडलं. "अगं, हे अक्षर तुझ्या मुलाचं नाही. त्याचं अक्षर कोंबडीच्या पायांचं, हे बघ कसं मोत्यासारखं आहे. आणि सुरुवातीला लिहिलंय, 'प्रिय सौ.' तुझ्या मुलाचं लग्न झालंय का? ऐक माझं. कोट तुझा, माणूस दुसऱ्याचा."

"म्हणजे?"

"म्हणजे कोटांची अदलाबदल झालीय. ह्या पत्राचा मालक हा कोट घालून होता, आणि तो मेला. कात्रीनं कापलाय बघ कोट, म्हणजे टेबलावर मेला. तुझा पोरगा तिकडं बिनकोटाचा कुडकुडत असेल आणि तुला शिव्या घालत असेल."

मीठवालीनं मान हलवली. मग तिनं कोट पालथा केला आणि पोटाशी एक फाट दिसली. कडा वाळून कडक झालेल्या. आतल्या अस्तरावर बशीएवढा काळा डाग. ताज्या रक्ताखाली जुनं.

"हा डाग कसला गं?" इस्त्रीवालीनं विचारलं.

"चिखल असेल."

चिखल आणि रक्त ह्यातला फरक न कळणारी बाई त्या शेडमध्ये तासभरही टिकली नसती. इस्त्रीवालीनं तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

चार दिवसांनी घरी सरकारी कागद आला. मुलगा बेपत्ता. मेला म्हणत नव्हते, जगला म्हणत नव्हते. तेव्हापासून मीठवालीचा सगळा जीव बाकावरच्या बाईच्या त्या एका पुडक्यात गोळा झाला. ज्याचं हे पत्र, तो मेला असेल तर कोट आपल्या मुलानं त्याला जिवंतपणी दिला असणार. तो मेला असेल तर पोटावरची फाटही त्याचीच, आणि आपला जिवंत. कुणाच्या तरी मरणाची अशी वाट बघू नये, हे तिलाही कळत होतं. पण कळणं आणि वळणं ह्यांची गाठ कुणाच्या घरी पडली आहे?

त्यातच दुसरी गोष्ट तिच्या डोक्यात शिरली. कॉलर खोटं बोलते. मग ती अडतीस पुडकी?

"थंडीत कुणी नंबर बघून कोट घालतं का?" इस्त्रीवाली म्हणाली. "तूच मोठी शहाणी, कॉलर बघत बसलीस."

"तू तरी कुठं बोललीस?"

"मला वाटलं, तुला कळतंय."

अडतीस घरी जाऊन भलत्याच माणसाला 'तुमचा गेला' म्हणून सांगणार होती ही बाई! दोघींनी पुडकी पुन्हा सोडायला घेतली. आता नंबर बघायचा नाही. पत्रात कुणाला हाक मारली आहे, कोणत्या गल्लीचं नाव आहे, मांजर कुणाची आहे, त्यावरून मालक ठरवायचा. काम मोठं होतं. भर दुपारी इस्त्रीच्या टेबलावर पत्रं पसरून बसल्या होत्या, आणि भट्टीसाहेब आत आला.

त्यानं एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा दोघींकडे. "हे काय आहे?"

"वाळवण," इस्त्रीवाली म्हणाली.

त्यानं दोन्ही हातांनी पुडकी कवळली आणि भट्टीकडे चालू लागला. पहिली आठ-दहा आत गेली तेव्हा आग भस्सकन वर आली. मीठवालीनं धोपटणं उचललं. पंचवीस वर्षं ओले कपडे बडवलेला हात तो. पहिला तडाखा त्याच्या मानेवर बसला, दुसरा कानावर. कानातून रक्त आलं. तो वळला आणि बुटाची लाथ तिच्या बरगडीत घातली. कडकन आवाज झाला, सगळ्या शेडनं ऐकला. ती पडली तर दुसरी लाथ तोंडावर. समोरचे दोन दात फरशीवर घरंगळत गेले. ती रांगत भट्टीपाशी गेली आणि त्याच्या पायाला चावली. बाकीच्या बाया भिंतीला चिकटून उभ्या होत्या. तो खाली वाकून तिचे केस धरतो न धरतो तोच इस्त्रीवालीनं तापलेली इस्त्री त्याच्या मनगटावर टेकवली आणि अंगाचा भार दिला. मांस भाजल्याचा वास त्या शेडला नवा नव्हता, पण किंकाळी भट्टीसाहेबाची होती, ती मात्र नवी होती.

तेवढ्यात मीठवालीनं उजवा हात भट्टीत घातला. कोपरापर्यंत. जे हाताला लागलं ते बाहेर ओढलं, पुन्हा घातला, पुन्हा ओढलं. सोळा पुडकी वाचली. बाकीची गेली. झग्यातून गोळी गेलेली मुलगीही गेली. बाकावरची बाई मात्र एका कोपऱ्याला जळून राहिली.

दोघींना त्याच दिवशी काढून टाकलं. लष्करी तुरुंगात धाडणार होते, पण इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला दोन परटिणींनी मारलं असं कागदावर लिहायचं का? भट्टीसाहेबानं नको म्हटलं. मीठवालीच्या उजव्या हाताची दोन बोटं भाजून एकमेकांना चिकटली ती कायमची.

सहा महिन्यांनी लढाई संपली. मीठवाली रोज स्टेशनवर जाऊन बसायची. गाड्यांतून पोरं उतरायची, कुणी काठीवर, कुणी डोळ्यांवर पट्टी, कुणी धडधाकट पण नजर भलतीकडेच. तिचा उतरला नाही. चार महिने उतरला नाही. मग तिनं जळक्या कोपऱ्याचं पुडकं छातीशी बांधलं आणि पत्रावरच्या पत्त्यावर निघाली. आगगाडीत दोन दिवस, मग पायी.

तळ्याकाठची गल्ली, शेवटचं घर. रस्ताभर ती एकच मागणं मागत होती. दार विधवेनं उघडावं. आपण हात जोडू, पत्र देऊ, रडू तिच्याबरोबर, जन्मभर तिची धुणी धुऊ. पण विधवेनं उघडावं.

दार पुरुषानं उघडलं. डाव्या बाहीला पिन लावून ती खांद्याशी दुमडलेली. त्याच्या पायाला एक दीड वर्षाचं मूल चिकटलेलं.

मीठवालीनं मुलाकडे पाहिलं, मग बाहीकडे. त्या दिवशी शिपायांनी दोन्ही ढीग एकत्र लोटले होते, एवढीच चूक. हा टेबलावर मेला नव्हता.

"कोण पाहिजे?" त्यानं विचारलं.

तिनं पुडकं पुढं केलं. त्यानं एका हातानं पट्टी सोडली, फोटो पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. "हे माझं! तुम्हाला कुठं मिळालं?"

"कोटात."

"कुठल्या कोटात?"

"कॉलरच्या आत निळे टाके होते त्या."

चेहरा विझला. तो तिच्या फाटक्या ओठाकडे, तिच्या उंचीकडे बघत राहिला. तिचा मुलगा तिच्याच अंगलटीचा होता.

"थंडी होती, आई," तो म्हणाला.

तिनं त्याच्या मुस्कटात मारली. जळक्या हातानं मारली म्हणून तिलाच जास्त लागलं, मग काखेतली छत्री वापरली. डोक्यावर, खांद्यावर, तोंडावर. छत्रीच्या दोन काड्या मोडल्या. तो हात वर करेना. मूल किंचाळायला लागलं. आतून फोटोतली बाई धावत आली.

"अहो बाई, काय करता हे! आधीच एक हात गेलाय त्यांचा!"

"दुसरा आहे ना अजून!"

"मारू दे गं," तो म्हणाला. "ती त्याची आई आहे." बायकोला हे कळलं असावं, कारण ती मुलाला उचलून बाजूला झाली.

छत्री संपली तेव्हा मीठवाली उंबऱ्यावर बसली. बायकोनं पाणी आणलं. ते न पिता ती म्हणाली, "सांग. आणि तुला लिहिता येतं का गं? येतं ना? मग वही आण. हा सांगेल, तू लिही. अडतीस जणांचं ऐकलंय मी. माझ्याचं कुणी लिहिलेलं नाही."

तिघं टेबलाशी बसली. बायकोनं पेन्सिल घेतली.

"आम्ही दोघं एकाच खंदकात होतो," तो म्हणाला. "आठ महिने. पहाटे हल्ला सुरू झाला. गोळा जवळ पडला. त्याला लागलं. लगेच गेला, आई. काही कळलंसुद्धा नाही त्याला."

"लिहू नकोस," मीठवाली बायकोला म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "अस्तराला बशीएवढा डाग होता. काळा. चिखल म्हणून फसवलं मी स्वतःला दहा महिने. लगेच मेलेल्याचं एवढं रक्त वाहत नाही. पुन्हा सांग."

त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला, "पोटात तुकडा घुसला होता. पहाटेपासून उन्हं वर येईपर्यंत होता. खंदक पडला होता, आम्ही दोघं मातीत अर्धे पुरलेलो. समोरचे वीस-पंचवीस पावलांवर. तो ओरडत होता."

"मला हाक मारत होता?"

"नाही. खरं सांगू? शिव्या देत होता."

"कुणाला?"

"समोरच्यांना, आमच्या साहेबांना, मला. तुकडा ज्यानं बनवला त्याच्या कारखान्याला."

"कुठल्या शिव्या?"

"आई, बाईमाणसांसमोर..."

"सांग! आणि तू लिही, लाजू नकोस."

त्यानं मान खाली घालून एक सांगितली, दुसरी सांगितली. बायकोचे कान लाल झाले, पण पेन्सिल थांबली नाही. तिसरी शिवी लांबलचक होती, तिच्यात कुणाच्या तरी आजोबांचा उंटाशी संबंध जोडलेला होता. मीठवाली एकदम हसली. दात नसलेलं तोंड उघडून, पोट धरून हसली.

"ही माझी," ती म्हणाली. "माझ्या बापाची, म्हणजे माझी. त्याला मीच शिकवली. पाच वर्षांचा असताना एकदा शाळेत देऊन आला होता, तेव्हा झोडपलाही मीच." तिनं मनगटानं तोंड पुसलं. "म्हणजे खरं सांगतोयस तू. पुढं?"

"त्याच्या आवाजावर समोरून गोळ्या यायला लागल्या. मागून कुणीतरी कुजबुजला, त्याला गप्प कर नाहीतर आपण सगळे जातो." त्यानं टेबलावरचा आपला हात पाहिला. "मी तोंडावर हात धरला. ह्याच हातानं. तो माझ्या डोळ्यांत बघत होता. चावला मला. मी हात काढला नाही. काढला तेव्हा तो गेलेला होता. माझ्या हातानं गेला की पोटातल्या लोखंडानं, मला माहीत नाही. देवाशपथ माहीत नाही. मग मी कोट काढून घेतला. खिशात त्याचे कागद होते, ते चिखलात टाकले आणि माझे ठेवले. दुपारी मला लागलं."

पेन्सिल थांबली होती. बायको नवऱ्याच्या हाताकडे बघत होती. त्याच हातानं त्यानं सकाळी मुलाला भरवलं असणार.

"हे पण लिहू?" तिनं अगदी हळू विचारलं.

बाहेर कुणीतरी बादली आपटत गेलं. मीठवालीच्या डाव्या हाताशी पाव कापायची सुरी पडली होती. तिनं ती पाहिली, आणि पाहतेय हे त्यानंही पाहिलं. तो जागचा हलला नाही. तिनं सुरी उचलली, टेबलाच्या पलीकडच्या टोकाला नेऊन ठेवली, मुलाचा हात पोचणार नाही अशी.

"लिही," ती म्हणाली. "कागद टाकले तेही लिही. कुठं टाकले, कुठल्या बाजूला, सगळं लिही."

सात पानं झाली. खाली त्यानं सही केली. मीठवालीनं पानं मोजली नाहीत, वाचता येणार नव्हती, नुसता तळवा फिरवला त्यांच्यावरून. मग ब्लाउजच्या आत ठेवली आणि उठली.

बायको दारापर्यंत आली. "आई, दोन घास खाऊन जा."

"आज नको. आज तुमच्या घरचं घशाखाली उतरणार नाही."

"मग..." तिनं दाराची कडी धरली.

मीठवालीनं आत पाहिलं. तो अजून तसाच बसला होता, एकच हात टेबलावर उताणा टाकून.

"पुढच्या महिन्यात येईन," ती म्हणाली. "वही जाड आण. आज फक्त एक सकाळ लिहून झाली. माझा मुलगा आठ महिने होता तिथं. जेवला असेल, झोपला असेल, कुणाला छळलं असेल, मोजे हरवले असतील. ते ह्याच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? मला यावंच लागणार. त्याला सांग, खोटं बोलायचं नाही. आणि छत्री मोडलीय माझी, ती मात्र तुम्ही नवी घेऊन ठेवा."